दमट मुंबई आणि विमानाच्या इंजिनाची ऊब

छोट्या विमानाचे इंजिन हिवाळ्यात ऊबदार कसे ठेवायचे, या विषयावरचे बहुतेक सगळे शहाणपण बर्फाच्या देशांतून आलेले आहे. अलास्कात आणि उत्तर कॅनडात पूर्वीचे वैमानिक संध्याकाळी विमान उतरवले की इंजिनातले ऑइल डब्यात काढून घेत आणि तो डबा रात्रभर घरात शेकोटीजवळ ठेवत. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून त्याखाली स्टोव्ह पेटवत आणि धातू पुरेसा तापला की गरम ऑइल परत ओतत. आता स्टोव्हची जागा सिलिंडरला आणि ऑइलच्या टाकीला चिकटवलेल्या विजेच्या हीटरने घेतली आहे; तंबूच्या जागी इंजिनाच्या मापाची जाड आवरणे मिळतात. गिरगावात किंवा परळला राहणाऱ्या वाचकाला हे सगळे दूरदेशीचे वाटेल. सांताक्रूझच्या वेधशाळेने नोंदवलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सियस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. जिथे पंखा बंद करणे हीच थंडीची खूण, तिथे इंजिनाला ऊब देण्याची भानगड कशाला, असा प्रश्न सहज पडतो. माझे म्हणणे असे की, ही भानगड मुंबईलाही आहे, आणि ती नीट समजून न घेतल्याने धोका वाढतो. इंजिनाची ऊब टिकवायची ती दोन गोष्टींपासून वाचण्यासाठी: थंडी आणि पाणी. थंडीपासून मुंबईने आपल्याला जवळजवळ मुक्त ठेवले आहे. पाण्यापासून मात्र तिने कधीच कुणाला मुक्त ठेवलेले नाही.

आधी थंडीचा हिशेब उरकून टाकू. लहान विमानांची इंजिने बहुधा हवेने थंड होणारी असतात. त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. तापमान बदलले की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकुंचन-प्रसरण पावते. कडाक्याच्या थंडीत बाहेरचा सांगाडा जास्त आवळतो, शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट कमी होते, आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल त्या फटीपर्यंत पोहोचायला वेळ लावते. असे गारठलेले इंजिन सुरू केले की पहिल्या काही मिनिटांत जी झीज होते, ती पुढच्या कित्येक तासांच्या उड्डाणातही होत नाही. म्हणून लायकमिंग कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांसाठी उणे १२ अंशांच्या खाली, आणि कॉन्टिनेंटल कंपनी उणे ७ अंशांच्या खाली, आधी गरम केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये असे सांगते. महाराष्ट्रात ही वेळ येत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण जिथे चालते त्या धुळ्यात, किंवा निफाडच्या शिवारात, थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात. पण विमानाच्या इंजिनाला तेवढी थंडी सोसवते. हंगामाला योग्य दर्जाचे ऑइल वापरावे, सुरू केल्यावर फेरे कमी ठेवून ऑइलचा काटा हलेपर्यंत धीर धरावा, एवढे पुरते. हीटर आणि आवरणे आपल्या यादीत नकोत.

आता पाण्याकडे वळू. मुंबईची हवा ओली आहे हे या शहराच्या अर्थव्यवस्थेने फार पूर्वी ओळखले होते. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला, आणि पुढे लालबाग, परळ, लोअर परळचे गिरणगाव उभे राहिले. त्यामागे बंदर, कापूस, भांडवल अशी अनेक कारणे होती. पण दमट हवा हेही त्यातले एक होते. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तुटतो, ओलसर हवेत तो चिवट राहतो. कताईच्या खात्यात तर वरून आणखी पाण्याचे तुषार सोडून हवा भिजवत ठेवत, आणि कामगार त्या वाफाऱ्यात पाळ्या करत. धाग्याला मानवणारी हीच हवा विमानाचे इंजिन आत ओढते, तेव्हा तिचा गुण दोष होतो. कुलाब्याच्या नोंदी पाहिल्या तर ऐन जानेवारीतही सकाळची सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. पावसाळ्यात ती नव्वदीकडे झुकते. जुहूचा विमानतळ १९२८ चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटा उडायला शिकले ते याच क्लबात, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन त्यांचे पस मॉथ उतरले तेही जुहूलाच. सुरुवातीच्या काळात पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालसेवा त्या महिन्यांपुरती पुण्याला हलवावी लागे. धावपट्टीवरचे पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची दखल लगेच घेतली गेली. हवेतले पाणी दिसत नाही.

हे न दिसणारे पाणी इंजिनात बर्फ होऊन बसते, तेही बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असताना. हे ऐकून कुणालाही शंका येईल, म्हणून ते कसे होते ते सावकाश पाहू. जुन्या धाटणीच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये होते. हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि तापमान उतरते. त्याच जागी पेट्रोलचा फवारा उडतो आणि पेट्रोलची वाफ होते. मातीच्या माठातले पाणी झिरपून उडते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते, तसेच पेट्रोल भोवतालच्या हवेची आणि धातूची उष्णता ओढून घेते. फरक इतकाच की पेट्रोल पाण्यापेक्षा फार झपाट्याने उडते. या दोन्ही कारणांनी गळ्यातले तापमान वीस-तीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, खाली जाऊ शकते. जानेवारीतल्या एका साध्या सकाळचे गणित मांडा. बाहेर २० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता. अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये साधारण १३ ग्रॅम बाष्प असते. ती हवा गळ्यात २५ अंशांनी थंड झाली की पोहोचली उणे ५ वर, आणि त्या तापमानाला हवेत तीन-साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प मावत नाही. उरलेले नऊ-दहा ग्रॅम बाहेर पडणार. सेस्ना १५२ या शिकाऊ विमानाचे इंजिन सुमारे ३.८ लिटरचे; मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी, अर्धवट उघड्या थ्रॉटलवर (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर), ते मिनिटाला दोन-अडीच घनमीटर हवा सहज ओढते. म्हणजे दर मिनिटाला वीस-पंचवीस ग्रॅम पाणी त्या चिंचोळ्या जागेतून जाताना हवेपासून सुटे होते. त्यातले बरेचसे मिश्रणाबरोबर पुढे निघून जाते. थोडेसे जरी थ्रॉटलच्या पाकळीवर गोठून चिकटले, तरी दहा मिनिटांत वाट बुजायला लागते.

म्हणूनच अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्याचे वैमानिकांसाठीचे मार्गदर्शन २१ अंशांखालचे तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता या जोडीला सर्वांत धोक्याची मानते, आणि ३८ अंश तापमानात, ५० टक्के आर्द्रतेतही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ शकतो असे बजावते. हे आकडे मुंबईच्या हवेवर ठेवून पाहा. हिवाळ्यातली पहाट या चौकटीच्या अगदी काठावर बसते. पावसाळ्यात जमिनीवर २७ अंश असतील तर तीन हजार फुटांवर, ढगांच्या तळाजवळ, सुमारे २१ अंश आणि हवा जवळजवळ संपृक्त, म्हणजे थेट चौकटीच्या आत. उलट उणे २० अंशांच्या कोरड्या थंडीत बाष्पच इतके थोडे असते की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची भीती बरीच कमी होते. बर्फाळ देशातला वैमानिक जमिनीवर इंजिन गरम करण्यात तासभर घालवतो, पण एकदा उडाल्यावर कोरड्या गारठ्यात हे संकट त्याला कमी भेडसावते. आपला वैमानिक किल्ली फिरवून लगेच उडू शकतो, आणि त्याच्या संकटाची सुरुवात उडाल्यानंतर होते.

या संकटाची चाल मंद असते, आणि हेच त्याचे सर्वांत वाईट लक्षण आहे. थ्रॉटलला हात न लावता इंजिनाचे फेरे थोडे उतरतात. वैमानिकाला वाटते, थ्रॉटल आपोआप सरकला असावा. तो थोडा पुढे ढकलतो, फेरे परत येतात, आणि मूळ कारण झाकले जाते. काही वेळाने पुन्हा तेच. शेवटी इंजिन खरखरू लागते. यावरचा उपाय प्रत्येक कार्ब्युरेटरवाल्या विमानात हाताशी असतो: ‘कार्ब हीट’ची कळ. ती ओढली की बाहेरच्या हवेची वाट बंद होते आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवतालच्या पत्र्याच्या वेष्टनातून गरम हवा कार्ब्युरेटरमध्ये येते. बर्फ असेल तर तो वितळतो, त्याचे पाणी इंजिन गिळते, आणि काही क्षण इंजिनाची खरखर आणखी वाढते. नेमक्या याच क्षणी, ‘कळ ओढल्याने बिघडले’ असे समजून ती परत ढकलण्याचा मोह होतो. ती तशीच ओढलेली ठेवणे हाच उपचाराचा भाग आहे, आणि हे जमिनीवर, शांत डोक्याने, मनावर बिंबवलेले असावे लागते.

मग कळ सतत ओढूनच का ठेवू नये, हा रास्त आक्षेप आहे. गरम हवा विरळ असते. तिने इंजिनाची शक्ती घटते, कधी कधी पंधरा टक्क्यांपर्यंत. एप्रिलच्या उन्हात उड्डाण घेताना तेवढी शक्ती गमावणे धोक्याचे आहे. शिवाय गरम हवेची वाट बहुधा गाळणीला वळसा घालून येते, त्यामुळे जमिनीवर फिरताना कळ ओढलेली ठेवली तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तेव्हा कायमची ऊब हे उत्तर नाही. पण ‘फेरे पडले की मग ओढू’ हे उत्तर त्याहून वाईट आहे, आणि कारण असे की, ही ऊब उसनी असते. ती एक्झॉस्टच्या उष्णतेतून येते. इंजिन जोरात चालत असेल तर उष्णता भरपूर. थ्रॉटल बंद करून विमान खाली उतरू लागले की एक्झॉस्ट दोन-तीन मिनिटांत निवतो. त्याच वेळी थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, उरलेली फट अरुंद असते, आणि थोडासा बर्फही ती बुजवायला पुरतो. गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच ऊब सर्वांत कमी मिळते. अमेरिकेच्या २०१७ पर्यंतच्या प्रमाणन नियमात या कार्ब हीटची कसोटी ठरवताना बाहेरची हवा उणे १ अंशाच्या आसपास आणि इंजिन ७५ टक्के शक्तीवर असे धरले होते. तेवढ्यात हवा ५० अंशांनी तापली पाहिजे, अशी अट होती. नियम चांगलाच होता. पण त्याने डोळ्यांसमोर ठेवलेले चित्र हिमप्रदेशातल्या सरळ उड्डाणाचे होते, आणि आपली अडचण आहे दमट हवेतल्या उतरणीची. म्हणून थ्रॉटल मागे घेण्याआधी, इंजिन अजून तापलेले असताना, कार्ब हीट ओढायची आणि लांब उतरणीत अधूनमधून थ्रॉटल उघडून इंजिनाला आणि एक्झॉस्टला परत ऊब द्यायची, ही सवय समुद्रकाठच्या प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या हातात पहिल्या आठवड्यापासून बसायला हवी. यात मला तडजोडीला जागा दिसत नाही.

इंजिनाच्या रचनेनेही फरक पडतो, आणि इथे एका मराठी अभियंत्याचे नाव येते. जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ आणि मग पुष्पक या विमानांचे आरेखन केले. १९५८ मध्ये प्रथम उडालेले दोन आसनी पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे शिकवण्याच्या कामी आले. त्याचे इंजिन कॉन्टिनेंटलचे, ९० अश्वशक्तीचे. त्या काळच्या छोट्या कॉन्टिनेंटल इंजिनांत कार्ब्युरेटर मुख्य इंजिनापासून अंतर राखून खाली लटकलेला असतो, त्याला इंजिनाची धग लागत नाही, आणि त्यात बर्फ सहज धरतो. सेस्ना १५२ आणि जुन्या सेस्ना १७२ मधल्या लायकमिंग इंजिनांत कार्ब्युरेटर गरम ऑइलच्या टाकीलाच खालून जोडलेला असतो, त्यामुळे ती तुलनेने सुरक्षित. पण तुलनेनेच. ज्या शिक्षकांची एक पिढी पुष्पकवर घडली तिला कार्ब हीटच्या कळीचे महत्त्व सांगावे लागत नसे; लायकमिंगवर शिकलेल्याला ‘आपल्याकडे बर्फ होत नाही’ असे वाटू लागले तर ते इंजिनाच्या रचनेने दिलेले खोटे आश्वासन आहे.

यावर जाणकार वाचक म्हणेल की हे सगळे आता कालबाह्य झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या सेस्ना १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नाही. पेट्रोल नळ्यांतून थेट सिलिंडरच्या दाराशी फवारले जाते, मग बर्फ कुठे होणार? मुद्दा खरा आहे. अशी इंजिने या विशिष्ट आजारातून सुटली आहेत, आणि नवे विमान घेणाऱ्या संस्थेने तीच घ्यावीत. पण कार्ब्युरेटरवाली जुनी विमाने हँगरमधून एका रात्रीत नाहीशी होणार नाहीत. चांगली निगा राखली तर ती चार-पाच दशके उडतात. आणखी एक आक्षेप असा की, अशा बर्फाने झालेले अपघात आपल्याकडे फारसे ऐकू येत नाहीत. ऐकू कसे येतील? विमान शेतात उतरल्यावर तपासणारे पोहोचेपर्यंत गरम इंजिनाने पुरावा वितळवून टाकलेला असतो. इंजिन पुन्हा सुरू केले तर छान चालते. मग अहवालात ‘अज्ञात कारणाने शक्ती गेली’ एवढेच उरते, किंवा त्या दिवशीचे तापमान आणि दवबिंदू यांवरून अंदाज बांधावा लागतो. पुरावा न सापडणे हा या प्रकरणाचा स्वभाव आहे, त्यावरून धोका नाही असा निष्कर्ष निघत नाही.

शिवाय पाण्याची दुसरी वाट कार्ब्युरेटरवर अवलंबून नाही, आणि तिच्यापुढे जुनी-नवी सगळी इंजिने सारखीच. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन एक्झॉस्टमधून जाते. थोडे पिस्टनच्या कड्यांच्या फटींतून खाली ऑइलच्या कोठ्यात उतरते. उड्डाणात ऑइल ७५ ते ९३ अंशांच्या दरम्यान तापलेले राहिले तर हे पाणी उडून जाते. जमिनीवरच दहा मिनिटे इंजिन चालवून बंद केले तर ऑइल तेवढे तापत नाही, आणि नुकतेच बनलेले पाणी आतच राहते. विमान बरेच दिवस उडाले नाही की ‘जरा सुरू करून ठेवू, इंजिन मोकळे राहील’ असे म्हणण्याची रीत सर्वत्र आहे. स्कूटरपासून मोटारीपर्यंत आपण सगळे ती पाळतो. विमानाच्या इंजिनाला ती अपाय करते. अर्धवट ऊब देणे म्हणजे आत पाणी भरून झाकण लावणे. लायकमिंगचे स्पष्ट सांगणे आहे की निदान तीस दिवसांतून एकदा, ऑइल त्या तापमानाला पोहोचवून, सलग एक तास उड्डाण करावे आणि जमिनीवर इंजिन फिरवणे हा त्याला पर्याय समजू नये. त्याच कंपनीने असेही नोंदवले आहे की दमट प्रदेशात नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवर अवघ्या दोन दिवसांत गंज चढलेला आढळला आहे.

ही दोन दिवसांची मुदत कुणी जुहूच्या हँगरसमोर उभे राहून वाचावी. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत मीठ, आणि चार महिने पाऊस. चौपाटीकडे तोंड असलेल्या गिरगावातल्या चाळींच्या गजांचा रंग दर दोन वर्षांनी का उडतो, हे तिथल्या रहिवाशांना सांगायला नको. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो; इंजिन थांबले की त्यावरचे ऑइल हळूहळू ओघळून खाली जाते आणि पोलाद उघडे पडते. त्यावर गंजाचे बारीक ठिपके उमटतात, पुढच्या सुरुवातीला ते खरवडले जातात, खड्डे राहतात, आणि शे-दोनशे तासांनी कॅम झिजल्याचे कळते. तो बदलायचा तर संपूर्ण इंजिन उघडावे लागते. बिलावर मात्र ‘झीज’ लिहिलेले असते, ‘आर्द्रता’ लिहिलेले नसते.

याचा खर्च कुणी करायचा, हा शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप. तासभर उडायचे तर महागडे विमानाचे पेट्रोल जळते. पावसाळ्यात हवामानाची परवानगी मिळत नाही. जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा आहे आणि छोट्या विमानाला आकाशात जागा मिळणेही सोपे नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या वैमानिकाच्या आळसावर ढकलणे अन्यायाचे होईल. म्हणून जिथे नियमित उड्डाण जमणारच नाही, तिथे उगाच इंजिन सुरू करत बसण्याऐवजी ते सरळ झोपवावे: गंजरोधक ऑइल भरून एक शेवटचे उड्डाण, मग स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या कणांचे प्लग, हवा येण्या-जाण्याची तोंडे बंद, आणि त्या कणांचा रंग बदलला की ते बदलणे. जे विमान उडते आहे, त्याचे ऑइल तासांच्या हिशेबाबरोबरच महिन्यांच्या हिशेबानेही बदलावे, कारण ओलावा विमान उभे असतानाही काम करत असतो. आणि कार्ब्युरेटरवाल्या विमानात गळ्यातले तापमान दाखवणारा छोटा काटा बसवून घ्यावा. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. सकाळच्या उड्डाणाआधी तापमान आणि दवबिंदू फळ्यावर शेजारीशेजारी लिहिण्याला तर काहीच खर्च येत नाही; विमानतळांच्या दर अर्ध्या तासाच्या हवामान-संदेशात हे दोन्ही आकडे आधीच असतात, आणि त्यांतले अंतर चार-पाच अंशांवर आले की त्या दिवशीच्या विद्यार्थ्याला कार्ब हीटबद्दल प्रश्न विचारूनच शिक्षकाने त्याला विमानात बसवावे.